ज्याचं चाक, त्याचा चहा

त्या शनिवारी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. वारा बंद. राजगड ढगात गुडूप, आणि शेतात कापलेलं भात उघड्यावर. पाऊस आला तर पेंढ्यांना जागेवर मोड येणार! अशा हवेत म्हातारा माणूस दुसरं काय करणार? दारात बसणार आणि जुनं आठवत राहणार. गुंजवणीच्या खोऱ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं थोडी, पण किस्से लई. एक सांगायला घेतला की दुसरा मागनं येतोच, कुडाच्या फटीतनं शेळ्या येतात तसा.

बहुतेक किस्से चहाचे. आमची जुनी रीत अशी : रविवारी प्रभुभोजन असलं की आदल्या शनिवारी, ज्याच्याशी आपण वाकडं वागलो त्याच्या घरी जायचं. चूक कबूल करायची. त्यानं दिलेला चहा प्यायचा. तो देईपर्यंत उठायचं नाही! मग रविवारी खुशाल मेजापुढं जाऊन पाळकाच्या हातनं प्रभूची भाकर घ्यायची.

*

आमच्या याकोबनं चुलतभावाचं पाटाचं पाणी आपल्या वावरात वळवलं. शनिवारी गेला माफी मागायला. भावजय रागात होती. तिनं चहात साखरेऐवजी मूठभर मीठ टाकलं.

याकोबनं एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. सगळे बघताहेत. गड्यानं कप संपवला, बशीसुद्धा निथळली, आणि कप पुढं केला.

"वैनी, पाप मोठं हाय माजं. आनी एक कप द्या!"

भावजय हसली ती हसलीच. दुसरा कप आला तो दुधाचा होता.

*

मार्थाबाई प्रार्थनेत लई रडायच्या. "प्रभू, मी पापी!" म्हणून सुरू झाल्या की मागच्या बाकावरची माणसंसुद्धा नाकाला पदर लावायची. एकदा त्या सुनेच्या आईला नको ते बोलल्या. व्याहीण राहते भोरला. आता एसटीनं कोण जाणार? बाईंनी शनिवारी व्हिडिओ कॉल लावला. हातात आपलाच कप.

"विहीणबाई, माझं चुकलं हो! हा बघा, तुमच्या नावानं चहा पिते."

व्याहीण मोबाईलातनं म्हणाली, "हितं आदण ठेवलंय. गाडी धरा आन् या. मला वाफ दिसंना!"

गेल्या. आल्या त्या दोघी मिळूनच. रविवारी मार्थाबाई अजिबात रडल्या नाहीत. आम्हांला वाटलं, आजारी आहेत!

*

सायमनचं वेगळं. त्याला सत्कर्मांची हौस, आणि सत्कर्माचा फोटो ग्रुपवर टाकायची त्याहून मोठी हौस. थंडीत एसटी स्टँडवर एका म्हातारीला त्यानं घोंगडी दिली. फोटो काढणाऱ्याला फोटो काही जमेना. उजेड कमी, अंगठा मध्ये, पुन्हा एकदा! घोंगडीचं एक टोक म्हातारीच्या हातात, दुसरं सायमनच्या.

शेवटी म्हातारी म्हणाली, "बाळा, तुजा फोटू निघस्तवर मी गारठून मरंन. सोड की आता!"

*

तर असं आमचं चाललेलं. मग नवीन पाळकसाहेब आले. रविवारी पुण्याहून गाडीनं येतात, आठवड्यात मधेच कुणाच्या घरी आजारपण असलं तर तेव्हाही येतात. पोरगा गुणी, आवाज गोड. चहाची रीत ऐकून म्हणाले, "आबा, चहानं पापातून तारण होत नाही. तारण कृपेनं होतं, फुकट. पश्चात्ताप देवापाशी, मनातल्या मनात."

मी म्हटलं, "साहेब, फुकट हाय हे आमालाबी ठाऊक. फुकट मिळालं म्हणूनच तर शेजाऱ्याकडं जायला लाज वाटत न्हाई."

त्यांनी मान हलवली. पटलं नाही.

*

त्या शनिवारच्या आदल्या रविवारची गोष्ट. प्रार्थनाघराला लागून बबनचं घर, त्याला लागून माझं. बबन हिंदू, पण आमच्या नाताळाच्या करंज्या पहिल्या त्याच्याकडं जातात. त्यानं भात झोडायला खळं सारवलं होतं. शेण अजून ओलं. पाळकसाहेबांना ती गुळगुळीत जागा दिसली आणि म्हणाले, "वा! आज पार्किंग किती स्वच्छ केलंय!" आणि गाडी थेट खळ्याच्या मधोमध!

बबन धावत आला. खळ्यात चाकांची नांगरट. साहेबांनी काच खाली केली, "सॉरी हं काका," म्हणाले, काच वर.

प्रार्थना झाल्यावर मी म्हटलं, "साहेब, बबनकडं जाऊन या."

"आबा, मी देवाची माफी मागितली आहे."

बबन प्रार्थनाघराच्या दारातच उभा होता. म्हणाला, "खळं देवाचं व्हतं का?"

सगळी मंडळी हसली. साहेब लालबुंद झाले. तिथंच जाहीर केलं, "चहाची प्रथा आजपासून बंद! शनिवारी जो कुणी जाईल, त्याला रविवारी मी भाकर देणार नाही."

मी उभा राहिलो. आवाज चढवायची मला सवय नाही, हळूच म्हटलं, "मग मला देऊ नका. मी जाणार."

एवढ्या वर्षांत मेजापुढनं उपाशी परतलो नव्हतो मी. पण शब्द मागं घेतला नाही.

*

म्हणून त्या शनिवारी, भरल्या आभाळाखाली, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बबनकडं गेलो. आठवडा झाला तरी खळं तसंच पडलेलं. भात शेतात, आणि हा हट्टाला पेटलेला.

"बबन, सारवून देतो. मग चहा पाज."

"आबा, चाक तुमचं व्हतं का?"

"गाडी आमच्या प्रार्थनेला आलती."

"तुमाला माज्या घरी चहा कवाबी हाय, पर ह्यो न्हाई. पाटी ठिवा तितंच. ज्याचं चाक, त्याचा चहा!"

काय करणार? पाटी ठेवली, परत आलो. चहा नाही, आणि गेलो म्हणून उद्या भाकरही नाही. दारात बसून आभाळाकडं बघत राहिलो. मधे कधीतरी गाडीचा आवाज आला. रस्त्यावरच थांबली, खळ्यावर नाही. मला वाटलं, कुणी गडावर निघालेलं असेल.

दुपार कलली आणि कुडापलीकडनं बबनची हाक आली.

"आबा, तुमची पाटी घ्या, रिकामी झाली. आन् वाटीभर साखर द्या बगू घरातली! पाद्री हातपाय धुवून ओट्यावर बसल्यात, उठंनात!"