आडनाव बदललं, खाच राहिली

धाकटा सत्तरीच्या पुढे गेला होता, तरी ताई त्याला धाकट्याच म्हणायची. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. लाकूड असलं की दिवस कसा जाई ते कळायचं नाही, पण अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटलं की घाम फुटायचा. ताईला दिसणं कमी होत चाललं, तेव्हा एका सकाळी तिने फर्मान काढलं.

"डोळे पुरते जायच्या आत मला भोपळ्याचं तोंड बघायचंय."

भोपळ्या म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. गोल गरगरीत पोर, ताईच्या कडेवर वाढलेलं. एका करवतीवरून वडिलांचं आणि काकांचं बिनसलं आणि काका बिऱ्हाड घेऊन गेले ते गेलेच. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, एवढंच पुढे कानावर आलं होतं.

"शोधू कसा? आडनाव तरी एक आहे का आपलं?" धाकटा पुटपुटला.

मूळ आडनाव लांबलचक होतं. शाळेत घालताना मास्तरांनी वडिलांच्या आडनावाचं शेपूट छाटलं. काका कारखान्यात लागले, तिथे मुकादमाची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी मधला तुकडाच गाळला. पुढे त्यांच्या मुलाने काय केलं असेल, देव जाणे.

"आडनाव आहे की पेन्सिल?" ताई म्हणाली. "जो येतो तो तासतो. जा तू, जीभ झिजणार नाही तुझी."

त्या टोकाला एका दारावर धाकट्याला चक्क स्वतःचंच आडनाव दिसलं, शेपूट छाटलेलं. त्याचा जीव हरखला. अडखळत का होईना, त्याने सगळं सांगितलं. घरमालकाने शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मग म्हणाला, "अहो, हे आमचं आडनावच नव्हे. आजोबांनी दुसऱ्याचं दुकान चालवायला घेतलं. पाटी कोण बदलत बसतंय, म्हणून पाटीवरचंच नाव लावलं. पण मागच्या गल्लीत एक छापखानेवाले राहतात, त्यांना विचारून बघा. वडील कारखान्यात होते त्यांचे."

मागच्या गल्लीतल्या दारावरचं आडनाव वाचून धाकटा परतच फिरणार होता. आपल्यातलं त्यात पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. तेवढ्यात दार उघडलं. समोर काडीसारखा वाळलेला म्हातारा. धाकट्याने चाचरत विचारलं, तुमचं घराणं मूळचं सुतारांचं का.

"सुतार? छे, आमच्यात कोणी सुतार नव्हतं," छापखानेवाले म्हणाले. "पण दमलेले दिसता. बसा घटकाभर."

वाटेत नको म्हणून धाकट्याने दाराजवळचं लाकडी स्टूल बाजूला ठेवायला उचललं आणि तसाच उभा राहिला. स्टुलाच्या बैठकीच्या खालच्या कडेला त्याचा अंगठा एका गुळगुळीत खाचेत जाऊन बसला होता. धाकट्याचे आजोबा, तेही सुतारच, कुठल्याच कामावर नाव घालायचे नाहीत. फक्त अशी खाच ठेवायचे, अंधारातसुद्धा हात नेमका पडावा म्हणून. वडीलही ठेवायचे. धाकटाही.

"हे कुणी केलं?"

"वडिलांनी. सुट्टीच्या दिवशी ठाकठोक करायचे. हौस, दुसरं काय."

"इथे अंगठा घाला."

"ठाऊक आहे की. घरातल्या सगळ्या स्टुलांना आहे."

धाकट्याने धीर गोळा केला. "तुम्हाला लहानपणी भोपळ्या म्हणायचे का हो?"

छापखानेवाले आत एक नजर टाकून म्हणाले, "हळू बोला. सूनबाई घरात आहे."

दुसऱ्या दिवशी छापखानेवाले ते स्टूल घेऊनच ताईकडे आले. ताईने त्यांना खिडकीच्या उजेडात उभं केलं, चेहरा अगदी जवळ आणून न्याहाळला, गालांवरून हात फिरवला.

"वाळलास रे पार," ती म्हणाली. "आडनाव काय लावतोस आता?"

त्यांनी सांगितलं. तिने पुन्हा एकदा वदवून घेतलं.

"असू दे. वाईट नाही," ताई म्हणाली. "आण ते स्टूल इकडे आणि बस जवळ."