सरकारी म्हणजे आपलं

आज मी जो काही आहे तो चंदाआत्यामुळे. रस्त्यात सरकारी नळ गळताना दिसला की आत्या रिक्षा थांबवून उतरायची आणि तोटी घट्ट करून यायची. कुणी हसलं तर म्हणायची, "काहून हासता? सरकारी म्हणजे आपलं." आमच्या गुढियारी वस्तीतल्या सरकारी शाळेत ती चपराशी होती. बाबा उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर राबायचे. मला शिकवलं आत्यानं, तिच्याच शाळेत, फुकट.

परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा ते सरकारी आहे, एवढंच मी तिला सांगितलं. पुढचं मलाही कुठे कळत होतं! तिनं साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, पेढे वाटले. "पोट्टा सरकारीत लागला!" मग फीचा आकडा आला. तिथल्या मुलांच्या कितीतरी पट.

"सरकारी आहे न? मंग एवढी फीस कायची?"

"बाहेरच्यांना वेगळा दर आहे, आत्या."

"बाहेरचे म्हंजे? वर्गाच्या बाहेर बसवतेत का तुले?"

व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी खात्यात दाखवावा लागतो. आत्यानं आपलं दोन खोल्यांचं घर गहाण टाकलं. बँकेतला साहेब म्हणाला, "अम्मा, ये पैसा अभी छूना नहीं, सिर्फ दिखाना है."

"नैवेद्यच झाला हा," आत्या म्हणाली. "पण नैवेद्य तरी शेवटी घरच्यांच्या पोटात जाते."

दुसऱ्या वर्षी त्यांनी फी वाढवली. फक्त आमची. शिष्यवृत्तीचं विचारायला गेलो तर खिडकीतली बाई गोड हसून म्हणाली, ती इथल्या नागरिकांसाठी असते. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. घरं आमची विकायची, इमारती त्यांच्या उभ्या राहायच्या, आणि वर ऐकायचं की तुम्हाला संधी दिली!

आत्याचं फोनवर एकच: "पैशाची फिकर तुले कायले? तू शिक." घर विकल्याचं तिनं सांगितलंच नाही. शेजारच्या भैयाकडून कळलं.

पास झाल्यावर फोनवर रडू फुटेल म्हणून तिला पत्र लिहिलं.

"आत्या, पास झालो. समारंभात मोठे साहेब म्हणाले, हे विद्यापीठ इथल्या जनतेच्या पैशावर उभं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात खिशात ठेवले. बाहेर आलो तर एक नळ गळून राहिला होता. मी तोटी घट्ट केली. सोबतचा पोरगा म्हणाला, राहू दे, तुझं काय जातं? मी म्हटलं, गुढियारीच्या दोन खोल्या गेल्या आहेत यात. सरकारी म्हणजे आपलं."