तहानलेली होडी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की दिल्लीला समुद्र नाही. यमुना आहे, पण तिला मोजू नये. ती स्वतःही स्वतःला मोजत नाही. ही बातमी सरकारपर्यंत बहुधा पोचली नव्हती. कारण मी नुकतीच बी.ए. झाले होते त्या वर्षी, ऐन मे महिन्यात, प्रगती मैदानात बोटींचं प्रदर्शन भरलं. सहलीच्या बोटींचं नव्हे, राबणाऱ्या बोटींचं. जहाजं ओढणाऱ्या, गाळ उपसणाऱ्या, वाळू वाहणाऱ्या. एका हॉलमध्ये बोटी, आणि शेजारच्या थंडगार हॉलमध्ये त्यांच्यावर दिवसभर परिषदा.

आम्ही मयूर विहारला राहायचो, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात त्यांचे एक मित्र होते. त्यांचा फोन आला तो शेजाऱ्यांकडे. कोकणातून होडी बांधणारे एक सुतार येताहेत, त्यांना दुभाषी हवी.

"मराठी येतं ना नीट?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल!" मी म्हणाले. खरं उत्तर त्या एका शब्दातच होतं.

हे सुतारकाका साठीच्या पुढचे, काटक, अनवाणी. होडी त्यांनी ट्रकवर घालून आणली होती. सागवानी, अठरा फुटी. जहाजाचा दोर धक्क्यापर्यंत नेऊन पोचवायचा, एवढंच तिचं काम. पहिल्याच सकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ पोरी, रविवारी बंदरांची खरेदी समिती येणार. त्यांनी होड्या घेतल्या तर माझा कारखाना चालेल. नाही घेतल्या, तर माझी सहा माणसं मुंबईला जाऊन कपाटं करतील."

'कपाटं' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आमच्या घरातल्या दोन्ही कपाटांची मला शरम वाटली.

समोरचा स्टॉल फरीदाबादच्या एका फायबर कारखानदाराचा. त्याची पांढरीशुभ्र बोट आंघोळीच्या टबासारखी चकाकायची आणि तो लग्नघरातल्या यजमानासारखा ओरडायचा, "आओ जी, बैठो जी, फोटो खिंचवाओ जी!" लोक बुटांसकट चढत, पोरं उड्या मारत. नुसती जत्रा!

आणि आमच्याकडे? आमच्या होडीत कुणाला पाय ठेवायची परवानगी नव्हती. "ती अजून पाण्याला लागलेली नाही," काका म्हणत. "आधी पाणी, मग नारळ, मग माणूस. आणि माणूस अनवाणी." एवढंच नव्हे, तर दर दोन तासांनी ते तिच्यावर बादल्या ओतत आणि ओली गोणपाटं पांघरत. मला वाटलं, हाही त्यांच्यातला एखादा विधी असेल. गालिचा भिजला म्हणून आयोजक रोज येऊन मला बोलून जात.

शनिवारी संध्याकाळी माझा धीर सुटला. "काका, यार, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना!"

"यार कुणाला म्हणतेस गं?" ते एवढंच म्हणाले आणि बादली भरायला गेले.

रविवारी दुपारी परिषदेतून समिती आली. अध्यक्ष भरदार, टायवाले, जेवणामुळे प्रसन्न. फरीदाबादच्या बोटीला टेकून त्यांनी फोटो काढून घेतला, मग आमच्याकडे वळले आणि सहज, अगदी सहज, बूट उचलून आमच्या होडीच्या काठावर ठेवला.

काकांनी त्यांचा घोटा धरला.

हॉलमधले पंखेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. "साहेबांना सांग," काका शांतपणे म्हणाले, "पाण्याला लागल्याशिवाय नाही."

आता, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तीन वर्षं राणी झाले होते. तो अनुभव पणाला लावून मी हात जोडले आणि म्हणाले, "सर, ये कहते हैं, तीन दिन से किसी को चढ़ने नहीं दिया. इस नाव को पहला पानी आप ही के हाथों लगना चाहिए!"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "अच्छा? तो चलिए! पानी कहाँ है?"

पाणी हॉलबाहेरच्या कारंज्याच्या हौदात होतं. नारळ डोशाच्या स्टॉलवरून आला. होडी उचलायला देवानेच पाठवल्यासारखे कँटोन्मेंटमधले साताऱ्याकडचे दहा-बारा जवान सुट्टीला फिरत होते. त्यांनी ती पालखीसारखी खांद्यावर घेतली. "काका, पण तरंगल न्हवं?" एकाने विचारलं. काकांनी नुसता होडीच्या फळ्यांवरून हात फिरवला. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

का, ते पाच मिनिटांत कळलं. होडी पाण्यात गेली, तिच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, नारळ फुटला. अध्यक्षांनी बूट-मोजे काढले (डाव्या मोज्याला भोक होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही) आणि ते ऐटीत आत बसले. आणि फळ्यांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं.

"लीक कर रही है जी!" फरीदाबादवाला आनंदाने किंचाळला.

सहा माणसं, सहा कपाटं, आणि पाण्यात उतरवायची थाप माझी!

"लाकूड आहे," काका म्हणाले. "हजार मैल उन्हातून आलंय, आक्रसलंय. तहान लागलीय त्याला. तीन दिवस गोणपाटांनी पाजलं म्हणून थोडक्यात भागेल. अर्धा तास प्यायलं की फुगेल, फटी मिटतील. साहेबांना सांग, बसा."

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. अध्यक्षांनी घोट्यापर्यंतच्या पाण्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

काका नारळाच्या करवंटीने पाणी उपसत राहिले. परिषदेतून माणूस धावत आला, "सर, आपका सेशन!" अध्यक्षांनी त्याला हाताने परतवलं. मी काठावर उकिडवी बसून देव आठवत होते, तेव्हा काका हळूच म्हणाले, "पोरी, हिंदी मला कळतं हो. चाळीस वर्षं बंदरावर गेली. बोलायची लाज वाटते, एवढंच." आणि डोळा मिचकावला.

करवंटी हळूहळू रिकामी येऊ लागली. मग फळ्यांवर घासल्याचा आवाज येऊ लागला. शेवटी काकांनी तळ पंच्याने पुसला. पंचा कोरडा राहिला.

पुढे चार होड्यांची ऑर्डर आली आणि सहा माणसं कपाटांपासून वाचली. आता तो हॉल नाही, हौदही नाही. मेट्रोने तिथून जाताना मात्र मला अजून ओल्या गोणपाटाचा वास येतो, आणि ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहते. काकांनी वल्हं मारलं, होडी कारंज्याभोवती संथपणे फिरली, जवानांनी टाळ्या वाजवल्या, आणि देशभरच्या बंदरांसाठी बोटी निवडून निवडून केस पांढरे झालेले ते अध्यक्ष, दोन्ही काठ घट्ट धरून, साऱ्या प्रदर्शनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "अरे, मैं तो ज़िंदगी में पहली बार नाव पर बैठा हूँ!"