दारात कोण होतं

संगमनेरहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत दादासाठी शेंगदाण्याची चटणी होती, वहिनीसाठी खण होता आणि डोक्यात एकच वाक्य होतं: "दादा, मी आता लिहिणार नाही." ते कसं म्हणावं याचा सराव मी नाशिक येईपर्यंत करत होते. मला पुटपुटायची सवय आहे. शाळेत मुली पाठीमागे माझी नक्कल करतात, करू देत बापड्या. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं, "बाई, जप करताय का?" दुसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, नाताळची सुट्टी लागली होती. मी मराठी शिकवणारी बाई. चार कथा छापून आलेल्या, त्याही दोन-तीन संपादकांकडून परत आल्यावर; पाचवी वर्षभर अर्धवट पडलेली. दादा माझा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तो चौदाचा. वडील नोकरीला मुंबईत, महिन्यातून एकदा यायचे. मला वाढवलं ते दादानं, आणि माझ्या गोष्टी ऐकल्या त्याही त्यानंच. पुढे तो भिवंडीला लूमवर जॉबर (बिघडलेले माग दुरुस्त करणारा) म्हणून लागला. तरी कथा छापायला देण्याआधी मी त्याला तुकड्यातुकड्यानं पत्रांतून पाठवायची. पाचवी मध्येच थांबली. त्याचं प्रत्येक पत्र "पुढं काय?" असं विचारून संपायचं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? तोंडावर सांगून मोकळं व्हावं म्हणून मी निघाले होते.

कसारा घाट उतरला, शहापूर गेलं, पडघा गेलं. भिवंडीच्या स्टँडवर पाय ठेवला आणि आधी तळपायांना काहीतरी जाणवलं, आवाज नंतर कळला. प्रत्येक गल्लीतून ठकठक ठकठक येत होती आणि जमीन बारीक थरथरत होती. मी टपरीवर चहा घेतला. ग्लासातल्या चहावर आपोआप वर्तुळं उठत होती.

शिफ्ट सुटलेली माणसं समोरून जात होती. सगळ्यांच्या भुवया, पापण्या, केस कापसाच्या तुसानं पांढरे. विशीतली पोरंही म्हातारी दिसत होती. त्यातला एक माझ्यासमोर थांबला, माझ्याकडे नीट बघितलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. "काय?" मी विचारलं. त्यानं पुन्हा तसेच ओठ हलवले, वाट पाहिली आणि निघून गेला. मी कानात बोट घालून पाहिलं. टपरीवाल्याचा चमचा खणखणत होता, म्हणजे कान शाबूत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडून दुसरा माझ्याकडे बघून अगदी तसेच ओठ हलवू लागला, तेवढेच शब्द, त्याच क्रमानं. या गावात मला कोणी ओळखत नव्हतं.

मग पेपरच्या स्टॉलपाशी दादाची पाठ दिसली. मी हाक मारली. वळला नाही. तीनदा मारली. शेवटी जाऊन खांद्यावर हात ठेवला.

"आलीस?" तो दवंडी पिटल्यासारखा मोठ्यानं म्हणाला. बघत होता माझ्या तोंडाकडे, डोळ्यांत नाही.

तो राहायला राहनाळला होता, गोदामांच्या मागच्या चाळीत. तो हातपाय धुवायला गेला तशी वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन वर्सा झाली, त्यांना कायपन ऐकू येत न्हाय. तुला कलवू नको बोलले." वहिनी तिथल्याच वळ गावची, तिचं बोलणं मला नेहमी गोड वाटतं. त्या दिवशी मात्र तिचा राग आला, स्वतःचाही आला. दोन वर्षं मी त्याला माझं रडगाणं लिहून कळवत होते आणि त्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. जेवताना ती दोघं आवाज न काढता बोलत होती. लूमच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. तीच रीत यांनी घरात आणली होती. मला ऐकू येत होत्या त्या फक्त बांगड्या आणि चावण्याचा आवाज. मध्येच वहिनी कशाला तरी खळखळून हसली आणि मी दचकले. मला वाटलं, मी मेले आहे, यांच्या घरात येऊन बसले आहे आणि यांना ते माहीतच नाही. भाकरी गोड लागेना.

हात धुऊन झाल्यावर दादा म्हणाला, "स्टँडवर चहा पिताना काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"मी पलीकडे उभा होतो. 'मी आता लिहिणार नाही' म्हणत होतीस. दोनदा म्हणालीस. मला राग आला म्हणून पाठ फिरवून उभा राहिलो."

पस्तीस वर्षं मी मनातल्या मनात म्हणून पुटपुटत आले होते, आणि इथं रस्त्यावरचं कोणीही ते वाचू शकत होतं.

"सोडायचं तर सोड," दादा म्हणाला. "पण मला सांगून उपयोग नाही. उद्या शेडमध्ये येऊन सांग."

"शेडमध्ये कोणाला?"

"ये, म्हणजे कळेल."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्याच्या पाठोपाठ शेडमध्ये शिरले. पत्र्याचं छप्पर, मागांच्या रांगा, हवेत तरंगणारी तुसं. आवाज कानांत शिरत नव्हता, छातीत शिरत होता. मी आत पाऊल टाकलं तसे एकेक करून सगळे माझ्याकडे बघू लागले. हात मागावरच, माना तेवढ्या वळलेल्या. आणि ओठ हलू लागले. पहिल्या रांगेचे, मग दुसऱ्या रांगेचे. सगळ्यांचे तेच शब्द, काल स्टँडवर पाहिलेले. मी दादाची बाही घट्ट धरली. इतक्या खडखडाटात इतकी माणसं मला काहीतरी एकच विचारत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी सरळ बाहेर पळाले.

माझ्यामागे एक वयस्कर कारागीर आला. सगळे त्याला चाचा म्हणत. उत्तरेकडचा, तीस वर्षं भिवंडीत. गळ्यातल्या पंच्यानं त्यानं भुवया पुसल्या आणि मोठ्यानं विचारलं, "बहनजी, साल भर हो गया. दरवाजे पे कौन था?"

मी ओट्यावर बसकण मारली. ते माझ्या कथेतलं होतं. एक बाई रोज तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पाण्याचं भांडं ठेवते आणि सकाळी ते रिकामं असतं. एकदा संध्याकाळी दार वाजतं. ती कडी काढते, दार उघडते. तिथं मी थांबले होते.

दादानं ती कथा शेडमध्ये सांगितली होती. जॉबरला प्रत्येक मागावर जावं लागतं. जिथं जाईल तिथं तो ओठांनी थोडी सांगायचा, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. माझ्या आधीच्या चारही कथा त्या माणसांना ठाऊक होत्या. बहीण येणार हेही त्यानं सांगून ठेवलं होतं, आणि आम्हा दोघांचा चेहरा एकाच साच्यातला.

"चाचा, दादानं काहीतरी जोडून द्यायचं होतं," मी म्हटलं.

"हमने भी बोला. वो कहता है, कहानी मेरी नहीं है. जिसकी है, वो आके बोलेगी."

दादा दाराशी येऊन उभा होता. "सांग त्यांना आता," तो म्हणाला. "सांग की तू लिहिणार नाहीस."

मला भयंकर राग आला. असं कोंडीत पकडतात का माणसाला? चाचा शांतपणे वाट बघत होता. मी राहनाळला निघून आले.

शुक्रवारी लूम बंद. सकाळी मला जाग आली ती शांततेनं. कानात नुसता सूं असा आवाज. बाहेर पडलो तर गल्ल्यांतून माणसं होती, दुकानं उघडी होती, पण बरेच जण सवयीनं ओठच हलवत होते. एक बाई खिडकीतून खाली उभ्या नवऱ्याशी भांडत होती. हातवारे, डोळे, सगळं भांडणाचं, आवाज मात्र नाही. मी दादाच्या मागोमाग भरभर चालत राहिले.

दादाचे गुडघे दुखत म्हणून तो अधूनमधून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचा. त्या दिवशी मलाही घेऊन गेला. वज्रेश्वरीच्या अलीकडे पिवळ्या गवताच्या टेकड्या, खाली तानसा नदी, काठाला दगडी कुंडं. थंडीमुळे पाण्यावर दाट वाफ. मी शहाणपणा करून पहिल्याच कुंडात पाय घातला आणि किंचाळले. नारळ विकणारी म्हातारी हसून म्हणाली, "बाय, त्यात न्हाय. त्यात भात शिजतो." पाय लाल झाला होता. मग दोघं भावंडं कोमट कुंडात पाय सोडून बसलो.

वाफेमुळे दादाला माझे ओठ दिसेनात. तो अगदी जवळ सरकला. त्या वाफेत मला त्याचं तोंड तेवढं दिसत होतं, अंग नाही. मी ठरवलं, आता सांगून टाकावं.

"दादा, दारात कोण होतं ते मला आधीपासून माहीत आहे. म्हणूनच लिहिता येत नाही."

"कोण होतं?"

"आई गेल्यावर दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाणी ठेवलं होतं, आठवतं? मोठ्यांनी बंद केलं, मी केलं नाही. वर्षभर रोज फुलपात्र भरून ठेवायची. सकाळी ते रिकामं असायचं. मी रडू नये म्हणून रोज ते पाणी तू पीत होतास. मला मोठेपणी कळलं. दारात तू होतास. आता तूच सांग, याची भुताची गोष्ट कशी करू? आणि तुझी करायची म्हटलं तर हात धजत नाही."

दादा माझ्या ओठांकडे बघत राहिला. "पुन्हा सांग," म्हणाला. वाचण्यात चूक झाली असं त्याला वाटलं. मी सावकाश पुन्हा सांगितलं.

"मी?" दादा म्हणाला. "मी कधीच नाही प्यायलो. मला वाटायचं, तूच पहाटे उठून ओतून टाकतेस. तुझा खेळ मोडू नये म्हणून मी कधी विचारलं नाही."

गरम पाण्यात पाय असून माझ्या अंगावर काटा आला.

"शपथ?"

"तुझी शपथ. आणि फुलपात्र नुसतं रिकामं नसायचं. विसळून पालथं घातलेलं असायचं. मला नवल वाटायचं, सहा वर्षांची पोर इतकी टापटिपीची कशी."

"मला वाटायचं, तू घालतोस पालथं."

आमच्या घरात पाणी पिऊन भांडं विसळून पालथं घालायची सवय एकाच माणसाला होती. ते नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. नदीकडून वारा आला, वाफ हलली, पुन्हा जमली.

"एखादा वाटसरू असेल," दादा म्हणाला.

"वर्षभर? रोज?"

"असेलही." तो पाण्यात बघत होता. मग एकदम माझ्याकडे वळला. "हे बघ, खरं काय ते मला नको. तुला काय दिसतं ते लिही. तू रात्री गोष्टी सांगायचीस ना, तेव्हा त्या घरात मला भीती वाटायची नाही. सगळे म्हणतात मी तुला वाढवलं. मी चौदा वर्षांचा होतो गं. तुझ्या गोष्टींवर मी दिवस काढले. आता कानही गेले. शेडमध्ये आठ तास ड्युटी करताना माझ्याजवळ दुसरं काय असतं?"

मला रडू फुटलं. भाऊ इतकं बोलतो आणि आपण कथा परत आल्या म्हणून रुसून बसतो, याची लाज वाटली. म्हातारीनं शहाळं आणून हातात दिलं आणि पैसे घ्यायचे विसरली.

शनिवारी परतीच्या एसटीआधी मी आपणहून शेडमध्ये गेले. दोन मागांच्या मध्ये उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाजाशिवाय गोष्ट सांगितली. फळ्यापुढे उभी राहून पंधरा वर्षं घसा फोडलेली मी, नुसते ओठ हलवायला घाबरत होते. जे दिसलं ते सांगितलं. बाईनं दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर फुलपात्र पालथं होतं, त्याच्या कडेनं अजून पाणी ओघळत होतं. बाईनं ते उचललं, भरलं आणि पुन्हा ठेवलं.

दादा शेजारी उभा राहून हिंदीत सांगत होता. सगळ्यांची नजर आमच्या दोघांच्या तोंडांवर. गोष्ट संपली. मग चाचाचे ओठ हलले. या वेळी मलाही वाचता आले: "फिर?"

"अभी मालूम नहीं," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि तुटलेला धागा जोडायला वाकला.

संगमनेरला आले आणि पंधरा दिवसांत कथा पूर्ण केली. संपादकांच्या आधी दादाला पाठवली. प्रवासातून माणसं काय काय आणतात, मी वहिनीनं दिलेली एक चादर आणली होती आणि तीच पांघरून पहाटे लिहीत होते. भिवंडीची आठवण आली की अजून भीती वाटते. पण तिथल्यासारखं मला आजवर कोणी ऐकलेलं नाही, हेही खरं.

महिन्याभरानं दादाचं पत्र आलं. खुशाली होती, गुडघे बरे होते. खाली लिहिलं होतं: "चाचाची बायको गावाकडे वारली तेव्हा तो वेळेवर पोचला नव्हता. तुझी गोष्ट झाल्यापासून तो खोलीच्या दाराशी रोज पाण्याचा ग्लास ठेवतो. सकाळी ग्लास भरलेलाच असतो. काल रडला. म्हणाला, बहनजीला विचार, माझं काय चुकतंय. काय सांगू त्याला?"

मी ते पत्र तीनदा वाचलं. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि जे काही सुचेल ते पत्रात मावणारं नव्हतं. शाळेची वेळ झाली होती. मी शेजारच्या मुलीच्या हाती रजेचा अर्ज पाठवून दिला आणि लिहायला बसले.