चौथा माणूस

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत तेरा नंबरचा फ्लॅट नाही. बारानंतर बारा-अ, मग एकदम चौदा. बारा-अ मध्ये आम्ही राहतो. पाटी बदलली की अपशकून फसतो म्हणे! इतका बावळट अपशकून, आणि त्याला घाबरणारी माझी आई बँकेत अधिकारी होती.

धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. बोलणी करायला सटाण्याला जायचं होतं. आई, बाबा आणि गाडी चालवायला मी. आईनं खाली पार्किंगमध्ये माणसं मोजली. "तिघं नको गं बाई. शुभकार्याला तिघांनी जाऊ नये."

आत्या तर नेसून तयारच होती. आई नोकरीला जायची तेव्हा धाकटीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. आपली पोरगी कुठल्या घरात जाणार, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. एवढंच.

"वन्सं, तुम्ही नका येऊ," आई म्हणाली. "अशा कामाला... समजून घ्या."

आत्याचे यजमान जाऊन कित्येक वर्षं झालीत. तरी हे! मग आईनं कोपऱ्यातला एक दगड उचलला, रुमालात गुंडाळला आणि मागच्या सीटवर ठेवला. झाले चौघं. म्हणजे दगड माणसात जमा, आणि आत्या नाही! माझं डोकंच फिरलं. मी आईशी भांडले, पण तोवर आत्या जिना चढून गेलीसुद्धा. बाबा नेहमीसारखे चष्मा पुसत बसले.

सटाण्याला मुलाच्या आईनं आमचं स्वागत केलं. त्याही विधवाच. पण त्या पडल्या वरमाई, त्यामुळे त्यांच्या हातचा चहा आईला चालला. वा रे शकुन!

"आत्याबाई नाही आल्या?" त्यांनी विचारलं. "तुमची मुलगी सारखं त्यांचंच सांगते. मला तर त्यांनाच भेटायचं होतं."

"त्यांना जरा बरं नव्हतं," आई म्हणाली.

मी उठले, गाडीतून दगड आणला आणि रुमाल सोडून टीपॉयवर ठेवला. "आत्या ठणठणीत आहे. तिच्या जागी आईनं ह्याला आणलंय."

त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. मग म्हणाल्या, "ताई, आता मीच नाशिकला येते. सुपारी तुमच्या वन्संच्या हातून फुटणार असेल, तर हे लग्न."

आई दगड उचलायला लागली.

"तो राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "जाताना तिघंच जा."