मावशींचे हातमोजे

शवागारातल्या मावशींनी आयुष्यभर मेलेल्यांना आंघोळी घातल्या, आणि भीती कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा त्या एका म्हाताऱ्याची छाती पुसत होत्या, तर मेल्याने असा दणका दिला की मावशी बादलीसकट मागे आपटल्या.

"हृदयाचे ठोके बिघडले की झटके देणारं यंत्र छातीत बसवलं होतं, ते बंद करायचं राहिलं," डॉक्टर म्हणाले. "माणूस गेला हे त्याला कोण सांगणार?"

तेव्हापासून रबरी हातमोज्यांशिवाय मावशी प्रेताला बोटही लावेनात.

मग तसलंच यंत्र घरात आलं, चक्क नवऱ्याच्या छातीत. मावशींचं धाबं दणाणलं. त्या पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपू लागल्या.

"अगं, मी काय विजेचा खांब आहे?" नवरा हसायचा.

परवा जेवता जेवता तो छाती धरून आडवा झाला. "जरा चोळ गं इथे," तो कण्हला. मावशी धावत आल्या, शेजारी बसल्या, आणि आधी कामाच्या पिशवीतून हातमोजे काढून चढवले.

नवऱ्याने ते हात पाहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"खरं सांग," तो पुटपुटला, "मी गेलो का गं?"