घाटात वाजलेलं यंत्र
खोपोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा दर रविवारी रसायनीहून एक गृहस्थ सुटे भाग घ्यायला यायचे. कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. त्यांच्या मुलाला फ्लाइंग क्लबात विमान उडवायचा नाद होता. एका पावसाळ्यात त्याचं छोटं विमान ढगात वाट चुकलं आणि डोंगरावर आदळलं, त्यात तो गेला. तेव्हापासून हे घरी एक यंत्र बनवत होते. विमान ठरावीक उंचीच्या खाली आलं की ते वाजणार होतं. कधी माझ्या टेबलावर त्याचं सोल्डरिंग करताना ते श्वास रोखून धरायचे.

यंत्र तपासायला आम्ही एकदा एसटीने खंडाळ्याला गेलो. परतताना यंत्राचा डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. अर्धा घाट उतरून बस ठरवलेल्या उंचीखाली आली आणि तो वाजू लागला.

"काय हाय त्यात?" कंडक्टरने विचारलं.

त्याच्याकडे न बघता ते मला हळूच म्हणाले, "हे ऐकून त्यानं विमान वर घेतलं असतं."

महिन्याभराने ते फ्लाइंग क्लबात यंत्र दाखवून आले. "घरी बनवलेलं बसवत नाय म्हणाले," त्यांनी सांगितलं. मी चिडलो.

"त्यांचं बरोबर हाय, भाऊ. माझं एकदा वाजलं नाय, तर दुसऱ्या कुणाचा पोरगा जाईल."

माझ्या हातून चूक झाली तर फार तर कुणाचं गाणं बंद पडायचं. त्यांनी चपला घातल्या. बसला अजून तासभर होता, तरी ते स्टँडकडे चालू लागले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, नंतरही कधी नाहीत.